ज्युनियर मुलींनी पैशांच्या आधी फाईल मागावी

एका नवोदित वकील मुलीचा प्रश्न आहे. वकिलीची सनद घेऊन वर्ष होत आलं, जिल्हा न्यायालयात एका ज्येष्ठ वकिलांच्या ऑफिसात ज्युनियर आहे. काम म्हणजे तारखा घेणं, नकलांचे अर्ज करणं आणि टायपिंग. हातात पडणारे पैसे जेमतेम येण्याजाण्यापुरते. पक्षकार तिच्याशी धड बोलत नाहीत, "साहेब कधी येणार?" एवढंच विचारतात. ऑफिस रात्री नऊपर्यंत चालतं, त्यावरून घरी रोज बोलणी बसतात, आणि आता लग्नाचं बघणं सुरू झालंय. हे सगळ्यांचं असंच असतं का, टिकून राहू की सरळ न्यायाधीशपदाच्या परीक्षेच्या मागे लागू, असं तिने विचारलंय.

अगं, तारखा आणि नकला प्रत्येकाच्या वाट्याला येतात. माझ्याही आल्या, माझ्याबरोबरच्या मुलांच्याही आल्या. फरक पडतो तो नंतर. वर्ष-दीड वर्षाने मुलाच्या हातातलं काम बदलायला लागतं आणि मुलीच्या हातातलं तेच राहतं. पाच वर्षांनी दोघांची सनद सारखीच जुनी असते, पण एकाने साक्षीदार तपासलेले असतात आणि दुसरीने मुदत अर्ज, म्हणजे तारीख पुढे ढकलायचे अर्ज, दिलेले असतात. तुझ्या प्रश्नात पैसे, पक्षकार, वेळ, लग्न असं बरंच आलंय. माझ्या मते या सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: तुला कोर्टात स्वतःच्या तयारीने उभं राहायला मिळतंय की नाही. बाकीचं त्याच्यामागून सुटतं किंवा अडतं.

बायकांना वकिलीची दारं बंद होती तेव्हा ती उघडपणे बंद होती. १९१६ मध्ये रेजिना गुहा यांचा अर्ज कलकत्ता उच्च न्यायालयाने नाकारला, तो त्या बाई आहेत म्हणूनच. आपल्या नाशिकला जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजींनी ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली १८९२ मध्ये, आणि बायकांच्या वकिलीतला अडसर दूर करणारा कायदा आला १९२३ मध्ये. त्याला शंभर वर्षं होऊन गेली. आज तुला कोणी नाही म्हणत नाही. फक्त फाईल दुसऱ्याच्या हातात जाते, आणि त्याविरुद्ध अपील कुठे करायचं?

बऱ्याचदा यात कोणाचा वाईट हेतू नसतो, म्हणून ते बोलायला आणखी अवघड जातं. सिनियर तालुका कोर्टात निघतात तेव्हा गाडीत मुलगा बसतो. जाता-येता दोन तास केसवर बोलणं होतं, साक्षीदार कसा मोडायचा ते तो ऐकतो, परत येईपर्यंत पुढच्या तारखेची जबाबदारी त्याच्याकडे आलेली असते. पोलीस स्टेशनला जायचंय, मोजणीच्या वेळी जमिनीवर हजर राहायचंय, रात्री कोणाचा जामीन अर्ज तयार करायचाय, या सगळ्यात "तिला कशाला त्रास" म्हणून तुला वगळतात. काळजी खरी असते, पण तुझं शिक्षण तिथेच थांबतं. ऑफिसात बसून तू उत्तम कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, लिहायला शिकतेस, आणि ती कैफियत घेऊन उभा दुसराच राहतो.

यावर माझा उपाय सोपा आहे, पण तो धीटपणे करावा लागतो. "सर, मला काम द्या" असं म्हणू नकोस. त्याचं उत्तर "करतेयस की" असंच येतं. नाव घेऊन फाईल माग. सुरुवातीला चेक न वटल्याची, म्हणजे कलम १३८ ची तक्रार चांगली. तिचा सांगाडा तारखांवर उभा असतो: चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यावर पैसे द्यायला १५ दिवस, आणि त्यानंतर महिन्याच्या आत तक्रार. कलम १३९ चं गृहीतक, म्हणजे चेक देणं फेडायलाच दिला होता असं कायद्याने धरून चालणं, कोणाच्या बाजूने आहे आणि ते कसं खोडायचं, यावरच बहुतेक सगळी उलटतपासणी चालते. नव्या माणसाला झेपेल इतकं हे बेतशीर काम आहे. दुसरी चांगली फाईल म्हणजे जुनी दरखास्त, म्हणजे कोर्टाचा निकाल प्रत्यक्ष अमलात आणून घ्यायचा अर्ज. ती कोणालाच नको असते, त्यामुळे पटकन मिळते, आणि हुकूमनामा हातात असूनही पक्षकाराच्या पदरात काही का पडत नाही, हे तिच्याइतकं दुसरं कुठे कळत नाही.

आणखी एक वाट कायद्यातच आहे. वकील दुसऱ्या कोर्टात गुंतलेत, हे तहकुबीचं कारण होऊ शकत नाही, असं दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १७ मध्ये स्पष्ट लिहिलंय. फौजदारी खटल्यांनाही तसाच नियम आहे. व्यवहारात मुदती मिळतात ते सोड, पण जुन्या दाव्यांत न्यायाधीश आता ऐकत नाहीत. साक्षीदार पिंजऱ्यात उभा, सिनियर वरच्या मजल्यावर, आणि रोजनाम्यावर, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीत, "उलटतपास नाही" अशी नोंद व्हायची वेळ. त्या क्षणी ज्या ज्युनियरने फाईल वाचलेली असते ती म्हणू शकते, "मी उलटतपास घेते." पण त्यासाठी दोन गोष्टी आधी झालेल्या हव्यात. वकीलपत्रावर तुझं नाव आणि सही हवी, आणि आदल्या संध्याकाळी सिनियरना विचारलेलं हवं: "सर, तुम्ही अडकलात तर मी सुरू करू का? प्रश्न लिहून आणलेत, एकदा बघता का?" लिहिलेले प्रश्न समोर ठेवले की नाही म्हणणं फार कमी जणांना जमतं. न विचारता परस्पर उडी मारू नकोस. तिथे पणाला पक्षकाराचा दावा लागलेला असतो.

महिनाअखेरीला आपल्या डायरीत बघ. किती वेळा तारीख घेतली ते मोजू नकोस. निशाणी ५ च्या, म्हणजे तात्पुरत्या मनाईच्या अर्जावर, जामिनावर, साक्षीत किंवा निदान एखाद्या वादग्रस्त अर्जावर तू स्वतः किती वेळा बोललीस ते मोज. सलग काही महिने तिथे शून्य येत असेल, आणि मागूनही येत असेल, तर ऑफिस बदलायची वेळ झाली. सिनियर बदलणं म्हणजे गद्दारी, असं आपल्याकडे उगाच मानतात. हातातली कामं नीट सोपवून, महिनाभर आधी सांगून निघालं की कोणी लक्षातही ठेवत नाही. नव्या ऑफिसात जाताना तिथल्या आधीच्या ज्युनियर मुली आज कुठे आहेत, एवढं मात्र चौकशी करून जा. तिथून बाहेर पडून स्वतःची वकिली करणारी एक तरी बाई असेल तर ते ऑफिस बरं.

आता घटस्फोट आणि पोटगीच्या केसेस. बाईकडे बाईच्या केसेस येतात, आणि मग तेवढ्याच येतात, ही तक्रार रास्त आहे. पण काही मुली या कामाकडे नाक मुरडून बघतात, ते मला पटत नाही. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालानंतर दोन्ही बाजूंना मालमत्तेचं आणि उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. नवरा भागीदारीत धंदा करतो, जमीन सासऱ्याच्या नावावर, गाडी फर्मच्या नावावर, आणि प्रतिज्ञापत्रात उत्पन्न नगण्य. हे उलगडायचं तर बँकेचे उतारे, विवरणपत्रं, सातबारा, फेरफार सगळं वाचता यावं लागतं. तेच कौशल्य पुढे वाटपाच्या दाव्यात आणि व्यापारी वसुलीत चालतं. अडचण वेगळी आहे. कौटुंबिक न्यायालयात वकील देण्याचा पक्षकाराला हक्क म्हणून अधिकार नाही, १९८४ च्या कायद्याचं कलम १३ तसं म्हणतं. तिथे तडजोडीवर भर असतो आणि रीतसर साक्षीपुराव्याचा सराव कमी होतो. म्हणून नियम असा ठेव: कौटुंबिक कामं घे, पण त्यांच्या जोडीला एक तरी मालमत्तेचा दावा आणि एक तरी फौजदारी खटला हातात असलाच पाहिजे.

पक्षकार "साहेब कधी येणार" विचारतात, त्याबद्दल फार मनाला लावून घेऊ नकोस. पक्षकार घाबरलेला असतो आणि त्याला मोठं माणूस हवं असतं. ज्युनियर मुलालाही हे ऐकावं लागतं, मुलीला जरा जास्त दिवस ऐकावं लागतं. त्याच्याशी कडक वागून काही होत नाही. पहिल्या भेटीत हकीकत उतरवून घ्यायचं काम मागून घे. कागद तू बघितलेस, "हा उतारा जुना आहे, नवा काढून आणा" असं तू सांगितलंस, आणि तारीख झाल्यावर त्याच दिवशी काय झालं ते तूच कळवलंस, की तिसऱ्या तारखेला तो तुला शोधत येतो. सिनियरकडे मात्र एक विनंती कर: तुझ्यादेखत पक्षकाराला सांगा की ही केस या मॅडम बघतात. ते एक वाक्य फार काम करतं, आणि सिनियरना ते बोलायला काही खर्च येत नाही.

पैशांचं खरं सांगते. ऑक्टोबर २०२४ मध्ये भारतीय विधिज्ञ परिषदेने (बार कौन्सिलने) परिपत्रक काढलं की ज्युनियर वकिलांना शहरात महिना किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावं. ते शिफारस म्हणून आहे, सक्ती नाही. तालुक्याच्या ठिकाणी अर्ध्या सिनियरना स्वतःलाच तेवढे सुटत नाहीत. तरी परिपत्रक असल्याने विषय काढायला तोंड मिळतं. रक्कम वाढत नसेल तर दोन गोष्टी मागता येतात. एक, कोर्ट फी, टंकलेखन, प्रवास यातला एक पैसाही तुझ्या खिशातून जाणार नाही. दोन, तुझी स्वतःची छोटी कामं त्याच ऑफिसातून करायची मोकळीक. दुसरी गोष्ट पैशांपेक्षा मोठी आहे. वकिलाला पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही, पण कायदा महाविद्यालयात दिवसाला तीन तासांपर्यंत शिकवता येतं. शहरात असशील तर त्याची चौकशी कर.

फौजदारीत मन रमत असेल तर विधी सेवा प्राधिकरणाच्या लोकअभिरक्षक कार्यालयातलं सहायक पद मी आवर्जून सुचवेन. २०२२ च्या योजनेत हे कार्यालय पूर्णवेळ, ठरलेल्या मानधनावर चालतं. खासगी वकिली बंद ठेवावी लागते, हा तोटा. पण ज्यांना वकील परवडत नाही त्यांचे रिमांड, जामीन आणि खटले तिथे तुझ्या वाट्याला येतात, आणि काम कोणाच्या गाडीत कोण बसलं यावर ठरत नाही.

रात्री नऊपर्यंतच्या ऑफिसबद्दल तू एका ओळीत लिहिलंस, मी जरा थांबून लिहिते. उशिरापर्यंत काम असणं हा या धंद्याचा भाग आहे, कारण पक्षकार संध्याकाळीच मोकळे होतात. पण उशिरापर्यंत बसवून ठेवणं वेगळं. रोज सातनंतर तुझ्याकडे करण्यासारखं काही नसेल आणि सिनियर उठेपर्यंत उठायचं नाही म्हणून तू बसत असशील, तर वेळ ठरवून घे आणि सकाळी लवकर ये. बहुतेक सिनियरना काम झाल्याशी मतलब असतो.

आणि जिथे प्रकरण वेळेपुरतं नसतं, तिथे कायदा नीट माहीत हवा, कारण वकील मुलींनाच तो अर्धवट माहीत असतो. २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यात दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती लागते. वकिलाच्या ऑफिसात इतकी माणसं क्वचितच असतात. त्याहून लहान जागांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. कर्मचारी कोण, याची व्याख्या या कायद्यात मोठी आहे. प्रशिक्षणार्थी आणि बिनपगारी काम करणारेही तिच्यात येतात. त्यामुळे "मी नोकर नाही, ज्युनियर आहे" म्हणून आधीच माघार घेऊ नकोस. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची असते, कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते. मात्र विधिज्ञ परिषद ही वकिलांची मालक नाही, म्हणून वकिलांच्या आपसातल्या तक्रारींसाठी तिच्यावर या कायद्याखाली समितीचं बंधन नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये म्हटलं. तिथे जायचं तर वकील अधिनियमाच्या कलम ३५ खाली व्यावसायिक गैरवर्तनाची तक्रार, हा मार्ग उरतो. शिवाय भारतीय न्याय संहितेची कलमं ७४ (विनयभंग), ७५ (लैंगिक छळ), ७८ (पाठलाग) आणि ७९ (अश्लील शब्द, हावभाव) आहेतच.

हे झालं कागदावरचं. प्रत्यक्षात वकील संघ म्हणजे लहान गाव. तक्रार केली की दुसऱ्या दिवशी बार रूममध्ये सगळ्यांना माहीत, आणि त्यातले निम्मे त्या माणसाबरोबर रोज जेवणारे. म्हणून मी कोणत्याही मुलीला "लगेच तक्रार कर" असं दामटून सांगत नाही, आणि "सोडून दे" असंही नाही. आधी तिथून बाहेर पड. मेसेज पुसू नकोस, तारखेनिशी लिहून ठेव, आणि बारमधल्या एका तरी ज्येष्ठ बाईला त्याच आठवड्यात सांग. पुढे सहा महिन्यांनी तू कोणताही निर्णय घेतलास तरी हे उपयोगी पडतं. बाहेर पडल्याने केस कमजोर होत नाही. आपण स्वतः पक्षकारांना हेच सांगतो, स्वतःवर आलं की विसरतो.

लग्नाबद्दल. थांब किंवा कर, हे मी सांगणार नाही. पण दोन-तीन गोष्टी वकील म्हणून सांगते. सनदेवरचं नाव बदलू नकोस. लग्नानंतर नाव बदलायची सक्ती कोणताही कायदा करत नाही, आणि तुझी वकीलपत्रं, रोजनामे, निकालपत्रं सगळी जुन्या नावाने आहेत. मधलं नाव बदललं, आडनाव बदललं, आणि दहा वर्षांनी अनुभवाचे दाखले जुळवत बसलेल्या बायका मी पाहिल्यात. दुसऱ्या राज्यात जावं लागलं तर नाव तिथल्या पटावर वर्ग करून घेता येतं, कलम १८ प्रमाणे त्याला शुल्क नाही. महाराष्ट्र आणि गोव्यात तर त्याचीही गरज नाही, परिषद एकच आहे. पण सनद हलली तरी पक्षकार हलत नाहीत, हे बघायला आलेल्या मंडळींना आधीच सांगायला हवं. शिक्षिकेची बदली होते तशी वकिलीची होत नाही. गाव बदललं की पाटी कोरी. दक्षिण महाराष्ट्रातल्या मुलींना ऑगस्ट २०२५ पासून थोडा दिलासा आहे. कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झाल्याने सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गच्या मुलींना हायकोर्टाचं काम शिकायला मुंबईत भाड्याची खोली शोधावी लागत नाही.

बाळंतपणाचं कोणी आधी बोलत नाही. नोकरदार बाईला २६ आठवड्यांची पगारी रजा कायद्याने मिळते. स्वतंत्र वकिली करणाऱ्या बाईला तो कायदा लागूच नाही. तेव्हा बहुतेक जणी सगळ्या फायली सिनियरना परत देऊन घरी बसतात आणि परत येतात तेव्हा पुन्हा तारखांपासून सुरुवात. तसं करू नकोस. बारमधली तुझ्याच वयाची एखादी चांगली वकील बघून ठेव, एकमेकींची नावं वकीलपत्रांवर घाला, आणि तुझ्या फायलींपैकी थोड्या तिच्या हाती ठेव. मसुदे घरून होतात, ई-फायलिंग घरून होतं, काही सुनावण्या व्हिडिओ कॉन्फरन्सवर होतात. चार-पाच फायली तुझ्या नावाने जिवंत राहिल्या तरी परत येणं सोपं जातं. तुझ्या गैरहजेरीत तिच्याशी फी कशी वाटायची ते आधी ठरवून लिहून ठेवा, मैत्रीत तेच राहून जातं.

राहिली परीक्षा. तुला वाटतं तसा हा "हे किंवा ते" असा प्रश्न आता राहिलेलाच नाही. २० मे २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशपदासाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली. तात्पुरती सनद मिळाल्यापासूनचा काळ त्यात धरतात. प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याचं, किंवा त्यांचा शेरा असलेलं किमान दहा वर्षं वकिली केलेल्या वकिलाचं प्रमाणपत्र लागतं. म्हणजे परीक्षा द्यायची म्हटली तरी तुझं दुसरं आणि तिसरं वर्ष कोर्टातच जाणार. मग ते तारखा घेण्यात घालवायचं की साक्षी तपासण्यात, एवढंच तुझ्या हातात आहे. अभ्यास सकाळी कर, कोर्ट बुडवून वाचनालयात बसू नकोस. आणि ज्या ज्या तारखेला तू स्वतः युक्तिवाद केलास किंवा साक्ष घेतलीस, त्या दिवसाच्या रोजनाम्यात तुझं नाव आलंय की सिनियरचं, ते त्याच संध्याकाळी बघ. चुकलं असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी कोर्ट सुरू व्हायच्या आधी कारकुनाला दाखव. नंतर कोणी दुरुस्त करत नाही.